चेटकीण : कथेतील आणि वास्तवातील

मराठी मुलांना चेटकीण बहुधा प्रथम भेटते ती बालनाट्यात. रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकीण दिलीप प्रभावळकर यांनी लोकप्रिय केली, 2018 मध्ये नव्या संचात वैभव मांगले यांनी ती साकारली. मुले तिला भितात आणि तिच्यावर लोभही करतात. पडदा पडला की चेटकीण संपते. सर्वच कथा मात्र इतक्या निरुपद्रवी नसतात.

‘एक थी डायन’ (2013) या हिंदी चित्रपटात डायनीची सारी शक्ती तिच्या लांब वेणीत असते. पुढे 2017 मध्ये, कोणी अज्ञात शक्ती स्त्रियांच्या वेण्या कापते, अशी अफवा उत्तर भारतात उठली. चंदीगड ही ज्याची राजधानी, त्या हरियाणातही पोलिसांकडे तक्रारी आल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आग्र्याजवळच्या एका गावात, पहाटे घराबाहेर पडलेल्या वृद्ध स्त्रीला वेणी कापणारी चेटकीण समजून ठार मारण्यात आले. हा चित्रपटाचा परिणाम, असे म्हणता येणार नाही. वेणीविषयीची समजूत चित्रपटाहून कितीतरी जुनी आहे. चित्रपटाने ती खोडली नाही, वापरली, एवढे मात्र खरे.

कथाकारांचा दुसरा अन्याय आहे तो ‘विक्का’ या पंथावर. जादूटोण्याविषयीचा 1735 चा कायदा ब्रिटनमध्ये 1951 साली रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी पुस्तक लिहून या पंथाची जाहीर ओळख करून दिली. त्याचे अनुयायी निसर्गाला पवित्र मानतात, बहुधा एक देवी व एक देव यांची उपासना करतात आणि ऋतुचक्राचे 8 सण पाळतात. कोणालाही इजा न करणे हे त्यांच्या आचरणाचे सूत्र आहे. सैतान ही कल्पना ख्रिस्ती धर्मातील. विक्काच्या उपासनेत त्याला स्थान नाही. तरीही पडद्यावर दिसतात त्या सूड उगवणाऱ्या मंत्रसिद्ध स्त्रियाच. ‘द क्राफ्ट’ (1996) या चित्रपटासाठी तर पंथातील एका स्त्रीचा सल्ला घेतलेला होता. पण शांत उपासनेवर रंजक कथा उभी राहत नाही! या प्रतिमेची छाया दूरवर पडते. अमेरिकेत मृत सैनिकाच्या थडग्यावर विक्काचे चिन्ह, म्हणजे वर्तुळातील पंचकोनी तारा, कोरण्याची अनुमती 2007 मध्ये मिळाली, तीही न्यायालयीन लढ्यानंतर.

कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी स्वतःला उघडपणे विक्काची अनुयायी म्हटले. हे नाव त्यांनी स्वेच्छेने स्वीकारले. सातपुड्यातील, नंदुरबार जिल्ह्यातील स्त्रीवर ‘डाकीण’ हे नाव लादले जाते. मूल दगावते, गुरे मरतात, आणि बोट एखाद्या विधवेकडे वळते. तिच्या नावावरील जमिनीवर कोणाचा डोळा आहे, हे तेव्हा कोणी विचारत नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध तेथे काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. एखादी व्यक्ती करणी करते, असे भासवून तिचे जगणे असह्य करणे हा आता गुन्हा आहे.

विचार करा : आपण ऐकलेल्या एका गोष्टीतील चेटकिणीची बाजू तिच्याच शब्दांत सांगावयाची झाल्यास ती काय सांगेल?