स्फोटानंतरची धूळ : आकडा कसा वाचावा

नोएडातील सेक्टर ९३-अ येथील जुळे मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता सुमारे ३,७०० किलो स्फोटकांनी पाडण्यात आले. मनोरे काही सेकंदांत कोसळले. धुळीचा लोट मात्र आसपासच्या परिसरात पसरला. अशा वेळी प्रत्येक घरात एकच प्रश्न विचारला जातो : हवा आता श्वास घेण्याजोगी आहे काय? उपकरणाचा आकडा त्याचे उत्तर देतो, परंतु तो किती वेळेचा आहे हे पाहिले तरच.

धूळ मोजण्याची मूळ रीत साधी आहे. आधी तोललेल्या गाळणकागदातून हवा ओढली जाते, कागद पुन्हा तोलला जातो आणि वाढलेल्या वजनाला ओढलेल्या हवेच्या घनमीटरांनी भागले जाते. १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण म्हणजे ‘पीएम १०’, २.५ पर्यंतचे ‘पीएम २.५’. भारतात त्यांची चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा अनुक्रमे १०० व ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. पाडकामात भरड कण अधिक उडतात. म्हणून तेथे पीएम १० कडे विशेष लक्ष द्यावे.

अडचण सरासरीत आहे. समजा, पीएम १० दोन तास १,००० राहिले आणि उर्वरित बावीस तास ८०. सरासरी सुमारे १५७ येते. त्या दोन तासांत दम्याच्या रुग्णाच्या छातीत काय गेले, हे या आकड्यावरून कळत नाही. (तोफगोळ्यांच्या स्फोटांची धूळ मोजतानाही हीच अडचण येते.) हवा गुणवत्ता निर्देशांकही कणांसाठी चोवीस तासांचीच सरासरी धरतो. यास्तव निर्देशांकासोबत ताशी नोंद अवश्य पाहावी. सरोजिनी नगरच्या रहिवाशांना आर. के. पुरम येथील केंद्र जवळचे आहे. तथापि तेथील यंत्राला आपल्या गल्लीतील पाडकाम दिसेलच असे नाही. वसाहतीच्या पुनर्विकासाच्या काळात खिडकीच्या चौकटीवर साचणारा थर हीदेखील एक नोंदच समजावी.

हा थर केरसुणीने झाडू नये. बारीक कण पुन्हा हवेत उडतात. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसांस अपायकारक आहे. ओल्या फडक्याने पुसावे व फडके वाहत्या पाण्यात धुवावे. पाडकाम चालू असताना खिडक्या बंद ठेवाव्यात. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. बाहेर जाणे अटळ असल्यास चेहऱ्यावर घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी वापरावी. दम्याच्या रुग्णांनी डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ बाळगावा.

बोलताना धाप लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंपाने आराम पडत नसेल, तर आकड्याची वाट न पाहता ११२ वर संपर्क साधावा.