दुर्ग-भिलाई परिसरातील नैसर्गिक आपत्तींचा इतिहास आणि धानशेतीतील जोखमीचे नियोजन

भिलाई म्हटले की पोलाद कारखाना डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात वसलेली आहे, तो जिल्हा मूलतः धान पिकविणारा आहे. दि. १ जानेवारी २०१२ रोजी बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाल्यानंतर दुर्ग हा दुर्ग, धमधा व पाटण या तीनच विकासखंडांचा लहान जिल्हा उरला. क्षेत्र लहान असल्यामुळे येथील आपत्तींचा अभ्यास गावपातळीपर्यंत नेता येतो. शिवाय शिवनाथ नदीचा उगम महाराष्ट्राच्या सीमेलगतच्या डोंगराळ प्रदेशात असून, या खोऱ्यातील धानशेती गोंदिया, भंडारा व गडचिरोली जिल्ह्यांतील धानशेतीशी जवळचे नाते सांगते. त्यामुळे येथील अनुभव पूर्व विदर्भातील विस्तार कार्यकर्ते व शेतकरी यांनाही उपयोगी पडेल.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या जिल्ह्यातील आपत्तीचे खरे मोजमाप वार्षिक पर्जन्यमानाच्या सरासरीत सापडत नाही. पावसाचा खंड पिकाच्या कोणत्या अवस्थेत पडला आणि शेत कोणत्या मातीवर, कोणत्या उंचीवर आहे, या दोन गोष्टी नुकसान ठरवितात.

दुष्काळाचा इतिहास काय सांगतो?

या भागाचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान सुमारे ११०० ते १२०० मि.मी. असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एवढ्या पावसाच्या प्रदेशात दुष्काळ पडावा, हे वरकरणी नवल वाटते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मध्य प्रांतात लागोपाठ दोन भीषण दुष्काळ पडले आणि छत्तीसगड त्यात होरपळून निघाले.

या दोन दुष्काळांची प्रकृती भिन्न होती. १८९६ साली आरंभीचा पाऊस चांगला झाला. परंतु हंगामाच्या उत्तरार्धात तो अकाली थांबला आणि धान निसवण्याच्या वेळीच जमिनीतील ओल संपली. १८९९ साली मात्र मान्सूनच फसला. विक्रम संवत १९५६ मध्ये आलेला हा दुष्काळ ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून लोकस्मृतीत राहिला. पहिल्या दुष्काळात पीक शेतात उभे असूनही दाणा भरला नाही. दुसऱ्यात मुळात पीकच उभे राहिले नाही. पावसाच्या एकूण आकड्याकडे पाहिल्यास १८९६ हे वर्ष १८९९ इतके भयावह दिसत नाही, परंतु शेतकऱ्याच्या कोठारात दोन्ही वर्षी धान आले नाही.

या अनुभवानंतर सिंचनाचा विचार गांभीर्याने होऊ लागला. १९०१ ते १९०३ या काळात काम केलेल्या भारतीय सिंचन आयोगाने दुष्काळप्रवण प्रदेशांत संरक्षक सिंचनाची आवश्यकता मांडली. पुढे आजच्या बालोद जिल्ह्यात तांदुला जलाशय उभा राहिला आणि त्याच्या कालव्यांनी दुर्गच्या धानशेतीला आधार दिला. कालांतराने पोलाद कारखाना व वाढते नगर यांनाही याच जलाशय-व्यवस्थेतून पाणी द्यावे लागले. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. तेव्हापासून अपुऱ्या पावसाच्या वर्षी कारखाना, शहर व शेती या तिघांच्या गरजा एकाच साठ्यावर येऊन ठेपतात. कालव्याखालील शेतकऱ्यानेही ‘आपल्याला दुष्काळ नाही’ असे गृहीत धरू नये, ते यासाठी.

स्वातंत्र्योत्तर काळात १९६५-६६ चा दुष्काळ, तसेच २०००, २००२ आणि २००९ ही वर्षे कठीण गेली. २०१५ व २०१७ या दोन्ही वर्षी छत्तीसगड शासनाने राज्यातील बहुसंख्य तहसील दुष्काळग्रस्त घोषित केले. म्हणजेच दुष्काळ ही शतकातून एकदा येणारी घटना नसून प्रत्येक दशकात भेटणारी परिस्थिती आहे.

एकच पाऊस, चार मृदा

छत्तीसगडचा शेतकरी आपली जमीन चार नावांनी ओळखतो. या लोकवर्गीकरणात आपत्तीचे ज्ञान सामावलेले आहे.

१. भाटा : उंचावरील, मुरमाड, उथळ जमीन. पाणी धरत नाही. पाऊस आठवडाभर थांबला तरी पीक कोमेजते.

२. मटासी : पिवळसर, हलकी ते मध्यम जमीन. धान घेतले जाते. परंतु ओल लवकर उडते.

३. डोरसा : मध्यम खोलीची, मटासी व कन्हार यांच्या दरम्यानची जमीन. ओल बऱ्यापैकी टिकते.

४. कन्हार : सखल भागातील खोल, काळी, भारी जमीन. ओल दीर्घकाळ टिकते. परंतु पाणी साचते आणि वाळल्यावर रुंद भेगा पडतात.

एकाच गावात, एकाच आठवड्यात भाट्यावरील पीक पाण्याविना जळते आणि कन्हारातील सोयाबीन पाणी साचल्याने पिवळे पडते. अशा गावाचा पर्जन्यअहवाल ‘सर्वसाधारण’ असा येऊ शकतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्याने गावाचा एकच सल्ला न देता मृदानिहाय सल्ला द्यावा.

बियासी : जोखमीचा पहिला टप्पा

या भागात धान मोठ्या प्रमाणावर पेरून घेतले जाते. पूर्व विदर्भातील आवत्या पद्धतीशी याचे साम्य आहे. पहिल्या पावसानंतर बी फेकून पेरतात आणि सुमारे २५ ते ३५ दिवसांनी, बांधीत ८ ते १० सें.मी. पाणी साचले असता, उभ्या पिकातून हलका नांगर फिरवितात. यास ‘बियासी’ म्हणतात. त्यामुळे तण गाडले जाते, दाट रोपांची विरळणी होते. त्यानंतर उपटलेली रोपे रिकाम्या जागी लावून ‘चलाई’ करतात.

ही पद्धत कमी खर्चाची आहे. परंतु तिचे यश त्या दहा-बारा दिवसांत बांधीत पाणी असण्यावर अवलंबून आहे. जुलैच्या उत्तरार्धात पावसाने दडी मारल्यास बियासी लांबते, तण माजते आणि उशिरा केलेल्या बियासीत रोपांची मोड होऊन उत्पादन घटते. पुढे ऑगस्टमध्ये कितीही पाऊस झाला तरी हे नुकसान भरून येत नाही. यावर उपाय म्हणजे बियासीवरील अवलंबन कमी करणे. पेरणीयंत्राने ओळीत पेरणी करून सुरुवातीस शिफारशीत तणनाशक व नंतर कोळपणी किंवा निंदणी केल्यास पाण्याची वाट पाहावी लागत नाही. पाऊस उशिरा आल्यास चिखलणी करून मोड आलेले बी फेकण्याची ‘लेही’ पद्धत उपयोगी पडते.

जोखमीचा दुसरा टप्पा सप्टेंबरमधील फुलोऱ्याचा. १८९६ साली जे घडले ते याच टप्प्यात. या वेळी एक संरक्षित पाणी मिळाले तरी पीक वाचते. हिशेब असा : एक हेक्टरवर ५ सें.मी. पाणी देण्यास ५०० घनमीटर पाणी लागते. वर २० × २० मीटर, ३ मीटर खोल आणि १:१ उताराच्या शेततळ्यात सुमारे ८७५ घनमीटर पाणी मावते. बाष्पीभवन व पाझर वजा जाता कन्हार किंवा डोरसा जमिनीतील असे तळे एका हेक्टरला एक पाणी देऊ शकते. भाटा-मटासीत मात्र पाझर अधिक असल्याने अस्तराचा विचार करावा लागतो.

पूर, अवकाळी पाऊस आणि वीज

पुराचा धोका मुख्यतः शिवनाथ व तिच्या उपनद्यांच्या काठी आहे. तांदुला नदी शिवनाथेस मिळते. पूर्वेस खारून नदी वाहते व पुढे सोमनाथ येथे शिवनाथेत सामावते. वरच्या भागात जोराचा पाऊस झाला आणि मोंगरा बंधाऱ्यातून पाणी सोडले गेले की दुर्गजवळील काठच्या शेतांत पाणी शिरते. स्थानिक आकाश निरभ्र असतानाही पूर येऊ शकतो, हे काठच्या गावांनी लक्षात ठेवावे. विसर्गाची सूचना मिळताच पाणी उपसण्याचे पंप व जनावरे उंचावर हलवावीत. वारंवार बुडणाऱ्या बांधीत, सुमारे दोन आठवडे बुडिताचा ताण सोसणारे स्वर्णा-सब १ हे वाण योग्य ठरते.

ऑक्टोबरमध्ये बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे अवशेष या भागावर पाऊस आणतात. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणमजवळ धडकलेल्या ‘हुदहुद’चा परिणाम छत्तीसगडपर्यंत जाणवला. कापून पसरलेल्या धानास हाच पाऊस सर्वाधिक घातक असतो. फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट हरभरा आणि धमधा भागातील टोमॅटो यांचे नुकसान करते.

जीवितहानीच्या दृष्टीने मात्र विजेकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. देशात नैसर्गिक कारणांनी होणाऱ्या मृत्यूंत विजेचा वाटा सर्वांत मोठा आहे. रोवणी व निंदणीच्या दिवसांत माणसे उघड्या, पाणी भरलेल्या बांधीत असतात. ढगांचा गडगडाट ऐकू येताच पाण्याबाहेर यावे, एकट्या झाडाखाली थांबू नये, पक्क्या इमारतीचा आसरा घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. मजुरांच्या प्रत्येक गटात किमान एका मोबाइलवर ते असावे.

हंगामनिहाय जोखीम व कृती

• जून : पाऊस लांबणे. भाट्यावर धानाऐवजी कोदो, उडीद, तीळ किंवा कुळीथ. मटासीत १०० ते ११५ दिवसांचे दंतेश्वरी किंवा इंदिरा बारानी धान-१.

• जुलै-ऑगस्ट : बियासीच्या वेळी खंड, वीज, पूर. बांध २० ते २५ सें.मी. उंच ठेवून पाणी अडवावे. कन्हारातील सोयाबीन रुंद सरी-वरंब्यावर घ्यावे.

• सप्टेंबर : फुलोऱ्यातील ताण. शेततळ्याचे पाणी या टप्प्यासाठी राखून ठेवावे.

• ऑक्टोबर-नोव्हेंबर : अवकाळी पाऊस. हवामान अंदाज पाहूनच कापणी करावी. कापलेले धान बांधीत पसरून ठेवू नये. ओल टिकणाऱ्या जमिनीत उभ्या धानात लाखोळीची ‘उतेरा’ पेरणी करावी.

• फेब्रुवारी-मार्च : गारपीट. पक्व हरभऱ्याची काढणी लांबवू नये.

नुकसानभरपाई : वेळेचे महत्त्व

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत स्थानिक आपत्ती, तसेच कापणीनंतर सुकविण्यासाठी पसरलेल्या पिकाचे १४ दिवसांपर्यंतचे विहित कारणांनी झालेले नुकसान यांची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. त्यासाठी १४४४७ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. धानाच्या शेतातील जलप्लावनासंबंधीच्या तरतुदी मध्यंतरी बदललेल्या असल्याने त्या-त्या हंगामाची अधिसूचना अवश्य पाहावी. विजेने वा पुराने मृत्यू झाल्यास छत्तीसगडमध्ये ‘राजस्व पुस्तक परिपत्रक ६-४’ अन्वये वारसांना साहाय्य मिळते. यासाठी पंचनामा व शवविच्छेदन अहवाल आवश्यक असतो. दुःखाच्या प्रसंगी कुटुंबास याची आठवण करून देणे हे गावातील जाणत्या व्यक्तीचे काम आहे.

गावाची आपत्ती नोंदवही

जिल्हानिहाय आकस्मिक पीक आराखडे हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू कृषी संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले आहेत. परंतु आराखडा जिल्ह्याचा असतो आणि नुकसान बांधीचे होते. ही दरी भरून काढण्यासाठी प्रत्येक गावाने एक साधी वही ठेवावी. तीत पुढील नोंदी असाव्यात : रोजचा पाऊस (साध्या पर्जन्यमापकाने), पावसाच्या खंडाचे सलग दिवस, त्या वेळी पिकाची अवस्था, मृदेचा प्रकार व शेताचा क्रमांक, पुराचे पाणी कोणत्या खुणेपर्यंत चढले ती खूण, वीज पडलेली ठिकाणे आणि झालेले नुकसान. गावातील वयोवृद्धांकडून जुन्या वर्षांची माहिती विचारून पहिली पाने भरावीत.

अशी वही पाच-सहा वर्षे नियमाने ठेवल्यास कोणत्या बांधीत कोणत्या महिन्यात धोका आहे हे गावालाच स्पष्ट दिसू लागेल आणि वाणाची निवड, शेततळ्याची जागा व विम्याचा दावा या तिन्ही गोष्टींना लेखी आधार मिळेल. येत्या मृग नक्षत्रापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या कार्यक्षेत्रातील किमान एका गावात या नोंदवहीचा आरंभ करावा.