जुन्या मोटारींना इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा : लाभ व दक्षता

डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी युरोपात तयार झालेल्या अनेक मोटारी येथे आयात होत असत. त्यांतील काही गाड्या गोव्यातील कुटुंबांनी आजही जिव्हाळ्याने जपल्या आहेत. पुढील काळात आलेल्या फियाट, ॲम्बेसेडर व पहिल्या मारुती ८०० या गाड्याही कार्बोरेटरवरच चालत. कार्बोरेटर काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठा बसवावा काय, असा प्रश्न अशा वाहनधारकांपुढे येतो. निर्णय घेण्यापूर्वी या बदलाचे स्वरूप समजून घेणे इष्ट ठरेल.

दोन पद्धतींतील फरक

शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. कार्बोरेटरमध्ये इंजिनाने ओढलेली हवा अरुंद नळीतून वेगाने जाते, तेथील दाब घटतो आणि जेटच्या सूक्ष्म छिद्रातून पेट्रोल आपोआप ओढले जाते. रचना सोपी व दुरुस्ती गावच्या गॅरेजमध्येही होण्यासारखी. तथापि जेटचे छिद्र ठरलेले असते. डिचोली तालुक्यातील साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना सुमारे ८०० मीटर उंचीवर हवा सात-आठ टक्के विरळ होते. जेट मात्र त्या प्रमाणात पेट्रोल कमी करीत नाही. परिणामी मिश्रण दाट होऊन इंधन वाया जाते व धूर वाढतो.

इलेक्ट्रॉनिक पद्धतीत हवेचा दाब, तिचे तापमान, इंजिनाची उष्णता व फेरे यांची नोंद संवेदक घेतात. धूरनळीतील संवेदक उरलेला प्राणवायू मोजतो. या माहितीवरून नियंत्रक पेटी इंजेक्टर किती क्षण उघडा ठेवावयाचा हे ठरविते. बॉश कंपनीची अशी यंत्रणा १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० या गाडीत आली. भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत टप्पा सहा’ ही प्रदूषणमर्यादा लागू झाल्यानंतर नव्या मोटारसायकलींमध्येही हीच पद्धत रूढ झाली.

बदलासाठी लागणारी कामे

केवळ एक भाग काढून दुसरा बसविल्याने हे काम पुरे होत नाही. पुढील बाबी आवश्यक आहेत :

१. पंप व नळ्या : कार्बोरेटरला पेट्रोल अत्यल्प दाबाने पुरते. इंजेक्टरला त्याच्या सुमारे दहापट, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ३ किलोग्रॅमच्या आसपास दाब लागतो. जुनी रबरी नळी या दाबाखाली फुटल्यास तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा फवारा उडून आग लागू शकते. म्हणून उच्च दाबाच्या नळ्या व योग्य पट्ट्याच वापराव्यात. इंजिन थांबताच पंप बंद पडेल अशी रिलेची जोडणीही असावी.

२. टाकी : दमट हवेत जुन्या टाकीला आतून गंज चढतो. त्याचे कण इंजेक्टर बंद पाडतात. टाकी आधी स्वच्छ करून बारीक गाळणी बसवावी.

३. वीज : पंप व नियंत्रक पेटीस अखंड वीज लागते. जुन्या डायनॅमोकडून इंजिन मंद चालत असता ती पुरेशी मिळत नाही. त्यामुळे बहुधा अल्टरनेटर बसवावा लागतो. पावसाळ्यात पाणी शिरू नये म्हणून जोडण्या बंदिस्त ठेवाव्यात.

इथेनॉलचा प्रश्न

वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलला तेवढ्याच हवेसाठी अधिक इंधन लागते. प्राणवायू संवेदक असलेली यंत्रणा हा फरक भरून काढते. कार्बोरेटरमध्ये मिश्रण विरळ होते व जेट बदलावे लागतात. इथेनॉल जुने रबर खराब करते आणि पाणी शोषून घेते. यास्तव यंत्रणा बदलो वा न बदलो, जुन्या नळ्या व रबरी भाग बदलणे हे प्रत्येक वाहनधारकाचे पहिले काम होय.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी वाहतूक कार्यालयाचा सल्ला घ्यावा. शिवाय २०२१ मध्ये केंद्र शासनाने ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेल्या, मूळ स्वरूपातील वाहनांसच ती मिळते. या नोंदणीची गाडी नित्याच्या वा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

सारांश, नित्य वापरातील अलीकडच्या गाडीस हा बदल, परवानगी व कुशल कारागीर लाभल्यास, हितकर ठरू शकतो. मुक्तिपूर्व काळातील गाडीचे मोल मात्र तिच्या मूळपणात आहे. तिचा कार्बोरेटर स्वच्छ करून, नीट जुळवून घेणेच श्रेयस्कर. ज्यांनी बदल करावयाचे ठरविले असेल त्यांनी काढलेला प्रत्येक भाग तेल लावून जपून ठेवावा आणि सांगाड्यास नवी छिद्रे पाडू नयेत. असे केल्यास पुढील पिढीला ती गाडी पुन्हा पूर्ववत करता येईल.