मागाचा ठोका आणि कानाची मर्यादा

बेळगाव शहराच्या दक्षिण अंगाला असलेली वडगाव, शहापूर व खासबाग ही गावठाणे विणकरांची म्हणून ओळखली जातात. येथे विणल्या जाणाऱ्या साड्या सीमाभागातील बाजारांत पिढ्यान्‌पिढ्या विकल्या जात आहेत. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, तरी धंद्याची घरगुती ठेवण पुष्कळ प्रमाणात कायम राहिली. पुढच्या खोलीत माग, त्याला लागून स्वयंपाकघर आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्याचा माग, अशी रचना अनेक घरांतून आढळते. त्यामुळे येथील मागाचा आवाज हा केवळ कामाच्या जागेचा आवाज राहत नाही. तो घराचाच आवाज होतो. विणकर तो पाळीपुरता ऐकतो, परंतु कांडी भरणारी गृहिणी, अभ्यासाला बसलेला मुलगा आणि पाळण्यातील बालक यांच्या वाट्याला तो किती तास येतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

हा हिशेब मांडण्याचे एक साधन अलीकडे उपलब्ध झाले आहे. आवाज ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की मनगटावरील घड्याळ हलकासा धक्का देऊन सूचना देते. २०१९ साली अ‍ॅपल कंपनीच्या घड्याळात ही सोय आली. भ्रमणध्वनीवर आवाज मोजणारी उपयोजनेही पुष्कळ आहेत. कारखान्यांच्या पाहणीत तज्ज्ञ मंडळी खांद्यावर अडकवण्याचा छोटा मापक वापरतात आणि दिवसभराच्या आवाजाची एकूण मात्रा काढतात. मात्र अशा सूचनेचा विणकराला खरोखर किती उपयोग होईल, हे ठरविण्यापूर्वी मागाचा आवाज आणि मनुष्याचा कान या दोहोंची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

साध्या यंत्रमागात धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकला जातो. त्याला लाकडी दांड्याचा फटका बसतो आणि पलीकडच्या पेटीत तो आदळून थांबतो. ही क्रिया मिनिटाला शंभराहून अधिक वेळा घडते. म्हणजे मागाचा आवाज पंख्याच्या घरघरीसारखा सलग नसून तो ठोक्यांचा आवाज आहे. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये तो सामान्यतः ९५ ते १०५ डेसिबलच्या घरात भरतो. शांतपणे चाललेले संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते. हे आकडे वाचताना एक मेख ध्यानात ठेवावी लागते. डेसिबलचे माप तराजूसारखे सरळ वाढत नाही. दर दहा डेसिबलला आवाजाची ऊर्जा दसपट होते. म्हणून १०० डेसिबलच्या शेडमधील ऊर्जा ६० डेसिबलच्या संभाषणापेक्षा दहा हजार पटींनी जास्त असते. याच नियमाची दुसरी बाजू अशी की, एकसारख्या दोन मागांपैकी एक बंद केला तरी आवाज फक्त तीन डेसिबलने उतरतो. कानाला तो फारसा कमी झाल्याचे जाणवतही नाही, परंतु कानावरील भार मात्र निम्मा झालेला असतो.

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. तीत केसांसारखे सूक्ष्म तंतू असलेल्या सुमारे १५,००० पेशी रांगेने मांडलेल्या असतात. हवेतील कंपने या पेशींमुळेच मेंदूला कळणाऱ्या संदेशात बदलतात. मोठ्या आवाजाने त्या प्रथम थकतात. शेडमधून बाहेर पडल्यावर काही वेळ सर्व काही कापसातून ऐकल्यासारखे वाटते किंवा कानात गुणगुण राहते, ते या थकव्याचे लक्षण होय. रात्रभर शांतता मिळाली तर त्या बऱ्याच अंशी सावरतात. पुन्हापुन्हा तोच मारा झाला तर मरतात, आणि मनुष्याच्या कानात एकदा मेलेली अशी पेशी पुन्हा उगवत नाही. त्वचा भरून येते, हाड सांधते, कानाच्या या पेशींना ती सवलत नाही. ज्या गल्लीत दिवसपाळी व रातपाळी दोन्ही चालतात, तेथे सावरण्याची रात्रच हिरावली जाते.

नुकसान सर्व स्वरांत सारखे होत नाही. प्रथम सेकंदाला सुमारे ४,००० कंपनांच्या आसपासचे उंच स्वर जातात. आपल्या बोलण्यातील स, श, थ, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख मुख्यतः उंच स्वरांवर अवलंबून असते, तर आ, ओ यांसारखे स्वर खालच्या पट्टीत असतात. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो, शब्द मात्र निसटतो. ‘साठ’ म्हटले तर त्याला ‘आठ’ ऐकू येते, ‘सात’ म्हटले तर ‘हात’. मजुरीचा किंवा सुताच्या भावाचा व्यवहार तोंडी होत असेल तर यातील धोका वेगळा सांगायला नको. घरची माणसे मात्र म्हणतात की, यांना हवे तेवढेच ऐकू येते. हा आरोप बहुधा अन्यायाचा असतो. बहिरेपण इतके हळू आणि इतक्या आडवाटेने येते की ते ज्याला येते त्यालाही इतरच पुटपुटत बोलतात असे वाटत राहते.

ही गोष्ट जगाला नवी नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत व्हेनिसमधील तांबे ठोकणाऱ्या कारागिरांच्या बहिरेपणाचे वर्णन केले आहे. विणकरांच्या दृष्टीने अधिक जवळचे उदाहरण स्कॉटलंडमधील डंडी येथील तागाच्या गिरण्यांचे आहे. तेथे माग चालविणाऱ्या स्त्रियांच्या श्रवणाची तपासणी करण्यात आली व तिचे निष्कर्ष १९६५ साली प्रसिद्ध झाले. तेथील मागखात्यातील आवाज १०० डेसिबलच्या आसपास होता, म्हणजे आपल्याकडील धोट्याच्या मागांच्याच पातळीचा. उंच स्वरांतील हानीचा मोठा भाग नोकरीच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच होऊन जातो, असे त्या तपासणीत दिसून आले. याचा अर्थ असा की, कानाची काळजी चाळिशीनंतर घेऊ असे म्हणणारा विणकर फार उशीर करीत असतो. ती अठराव्या-विसाव्या वर्षी, मागावर पहिला हात पडतो त्याच दिवशी घ्यावयाची आहे.

आता मनगटावरील सूचनेकडे वळू. तिच्यामागील गणित असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित श्रवणासाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी मात्रा धरली आहे. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा करावयाचा. या हिशेबाने ९० डेसिबलला आठवड्याचे ४ तास मिळतात आणि १०० डेसिबलला जेमतेम २० ते २५ मिनिटे. कारखान्यांसाठी भारतात रूढ असलेला दंडक याहून बराच सैल आहे. तो ९० डेसिबलला रोज ८ तास व १०० डेसिबलला रोज २ तास देतो. या दोन हिशेबांत कोणता खरा असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. पहिला कान राखण्यासाठी आखलेला आहे. दुसरा कारखाना चालू ठेवून हानी आटोक्यात ठेवण्याची तडजोड आहे. विणकराची आठ-दहा तासांची पाळी दोहोंतही बसत नाही.

म्हणूनच मागाशेजारी घातलेले असे घड्याळ पाळी सुरू होताच धक्के देऊ लागेल आणि देतच राहील. ते सांगते की येथून दूर जा. परंतु ज्याची मजुरी साडीच्या नगावर ठरते तो जाणार कोठे? दोन दिवसांत सूचना बंद करून टाकली जाईल, यात शंका नाही, आणि त्याबद्दल विणकराला दोष देणे योग्य होणार नाही. ज्याला उठून जाता येते त्याच्यासाठी ही सूचना केलेली आहे. मिरवणुकीत ‘डॉल्बी’च्या भिंतीपुढे नाचणारा तरुण, कानात ध्वनियंत्र खुपसून बसणारा विद्यार्थी किंवा ऊस वाहताना कर्णकर्कश गाणी लावणारा ट्रॅक्टरचालक यांना ती खरोखर उपयोगी आहे, कारण तेथे मागे सरणे अथवा कळ फिरवणे त्यांच्याच हातात असते.

तथापि विणकरांच्या वस्तीत या साधनाचा दुसरा एक उपयोग होऊ शकतो, व तो अधिक मोलाचा आहे. घड्याळाला पहारेकरी न समजता मोजपट्टी समजावे. प्रत्येकाने ते विकत घेण्याचे कारण नाही. गल्लीत एखाद्याकडे असे घड्याळ किंवा चांगला भ्रमणध्वनी असला तरी पुरे. माग चालू असताना घरात चार-पाच ठिकाणी पाच-पाच मिनिटे मोजावे. मागाजवळ, कांडी भरण्याच्या जागी, पाळण्यापाशी, मुलांच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात आणि झोपण्याच्या खोलीत, दार उघडे असताना व लावलेले असताना. आकडा ढोबळ असतो आणि फार मोठ्या आवाजाला भ्रमणध्वनी चुकतो, हे खरे. परंतु दोन जागांमधील फरक त्यावरून नीट कळतो. कांडीचे चाक मागाच्या खोलीतून पलीकडे हलवल्याने दहा डेसिबलचा फरक पडला, तर त्या गृहिणीच्या कानावरील भार एकदशांश झाला. यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही आणि मजुरीही बुडत नाही. दाराखालील फट बुजविणे, पातळ पत्र्याऐवजी भरीव लाकडी दार लावणे, मागाच्या पायाखाली रबरी गाद्या घालून जमिनीतून शेजारी जाणारी थरथर रोखणे, सैल झालेले भाग वेळेवर कसून घेणे, या गोष्टींचाही परिणाम असाच मोजून पाहता येतो. रॅपियर मागाला धोटा नसल्याने हा ठोका नाहीसा होतो, परंतु वेग जास्त असल्यामुळे तो मागही शांत असतो असे मानू नये.

साधन नसेल तरीही एक परीक्षा करता येते. हातभर अंतरावरील माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजावे.

शिक्षकांनी यातील एका बाबीकडे विशेष लक्ष द्यावे. न्यूयॉर्क शहरातील एका शाळेच्या एका बाजूने उंचावरील रेल्वे जात असे. त्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे पडलेली आढळली. ही तपासणी अर्लीन ब्रोनझाफ्ट व डेनिस मॅकार्थी यांनी १९७५ साली प्रसिद्ध केली. पुढे रुळांखाली रबरी गाद्या घातल्या गेल्या व वर्गांना ध्वनिशोषक छत बसविण्यात आले. १९८१ सालच्या तपासणीत हा फरक नाहीसा झालेला होता. मुले तीच बुद्धी घेऊन आली होती, बदलला तो आवाज. मागाच्या घरातून येणारे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा शुद्धलेखनात स व श गाळत असेल, तर ‘लक्ष नाही’ असा शेरा मारण्याआधी त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहावे व त्याच्या कानांची तपासणी करवून घ्यावी.

प्रत्यक्ष मागावर काम करणाऱ्याला मात्र कान झाकण्यावाचून गत्यंतर नाही. कापसाचा बोळा पुरत नाही. त्यातून आवाज सहज पार होतो. मऊ फेसाची बोंडे औषधांच्या दुकानांत मिळतात. बोंड बोटांनी वळून बारीक करावे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, बोंड आत सरकवून फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावे. नुसते कानाच्या तोंडाशी टेकवलेले बोंड घातले न घातल्यासारखेच असते. ते मधूनमधून काढणेही महागात पडते. आठ तासांत एक तास जरी कान उघडे राहिले, तरी कितीही चांगल्या बोंडाचे एकूण संरक्षण नऊ डेसिबलच्या आसपास येऊन थांबते.

विणकरांचा यावर एक रास्त आक्षेप असतो. माग कानाने चालवावा लागतो, तार तुटली किंवा काही बिघडले तर आवाजातला बदल आधी कळतो, कान बंद केल्यावर ते कसे कळणार? ज्याचे श्रवण शाबूत आहे त्याला एवढ्या गोंगाटात बोंडे घालूनही बदल जवळजवळ तितकाच कळतो, कारण बोंडाने माग आणि बिघाड दोघांचाही आवाज सारखाच उतरतो. सवय व्हायला थोडे दिवस लागतात. ज्याचे उंच स्वर आधीच गेले आहेत त्याला मात्र अडचण खरोखर येते. म्हणून तरुण कामगारापासून सुरुवात करणे सोपे जाते.

कायद्याचे पाठबळ या बाबतीत अपुरे पडते, हे नमूद करणे भाग आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, नोंद करणे बंधनकारक असलेल्या रोगांत, गोंगाटाने येणाऱ्या बहिरेपणाचा समावेश करण्यात आला होता. परंतु घरचे दोन-चार माग चालविणारा विणकर स्वतःच मालक व स्वतःच कामगार असतो. कारखान्याच्या व्याख्येत तो बसत नाही. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. घर आणि धंदा एकाच भिंतीत असलेल्या गल्लीत ती काटेकोरपणे लावली तर चूल विझेल, हे अधिकाऱ्यांनाही ठाऊक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ प्रमाणे ‘कमी ऐकू येणारी व्यक्ती’ ठरण्यासाठी दोन्ही कानांत संभाषणाच्या स्वरांत किमान ६० डेसिबलची हानी असावी लागते. मागाने प्रथम उंच स्वर जात असल्याने पुष्कळ विणकर त्या रेषेपर्यंत पोहोचत नाहीत. त्यांना ना नीट ऐकू येते, ना प्रमाणपत्र मिळते.

गेलेले श्रवण परत येत नसले, तरी गोंगाट थांबला की त्याच्यामुळे होणारी हानीही तेथेच थांबते. त्यामुळे पन्नाशीच्या विणकरानेही तपासणी व्यर्थ मानू नये. बहिरेपणाच्या प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम देशात २००७ पासून सुरू झाला असून जिल्हा पातळीवर कानाची तपासणी करण्याची सोय उभी करणे हा त्याचा भाग आहे. म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्‌ व श्रवण संस्था १९६५ पासून या क्षेत्रात कार्य करीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना आपला व्यवसाय आवर्जून सांगावा, नुसते ‘ऐकू कमी येते’ एवढेच सांगू नये. तपासणीच्या आधी १४ ते १६ तास कानाला विसावा मिळालेला असावा लागतो, अन्यथा तात्पुरता थकवाही कायमच्या हानीत मोजला जातो. यासाठी सुट्टीच्या किंवा दिवसभर वीज बंद राहिलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, माग सुरू करण्यापूर्वी जावे.