लपवलेलं दुःख आणि लोकांची जीभ

वस्तीत आरोग्य तपासणी असली की बाया येतात आणि सांगतात, "सिस्टर, डोकं ठणकतंय." कोणी म्हणते, "छातीत धडधड होते." कोणी म्हणते, "रात्री दोनला डोळा उघडतो, तो मिटतच नाही." पुरुष येतात ते ॲसिडिटी आणि पाठदुखी घेऊन. आम्ही बीपी बघतो, साखर बघतो. पुष्कळदा दोन्ही ठीक निघतात. मग स्टूल जरा जवळ ओढून विचारले, की "घरी सगळं बरं आहे ना?" तर समोरचे माणूस खाली बघते. खरे दुखणे तिथून सुरू होते.

या महिन्याच्या आरोग्य पानावर आम्ही त्याच दुखण्याबद्दल बोलणार आहोत. विषय आत्महत्येचा आहे. आपल्याकडे हा शब्द तोंडातून काढला तरी आजी म्हणते, "शुभ बोल गं." पण न बोलल्याने मरणे थांबलेली नाहीत. सरकारी नोंदीप्रमाणे 2022 या एका वर्षात देशात 1,70,924 माणसांनी आत्महत्या केली. राज्यांत सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा होता, 22,746. देशभरातल्या या माणसांत चारातल्या एकापेक्षा थोडी जास्त माणसे रोजंदारीवर काम करणारी होती. म्हणजे नाक्यावर उभी राहणारी, सेंट्रिंगवर जाणारी, गोणी वाहणारी. दहातले सात पुरुष होते. हे लोक आपल्या गल्लीतलेच आहेत.

माणूस काय लपवतो?

कामाच्या निमित्ताने घरोघर फिरताना आम्हाला लपवलेली दुःखे साधारण सारखीच सापडतात.

कर्ज हे पहिले. बायकोला न सांगता घेतलेले, किंवा नवऱ्याला न सांगता फायनान्सच्या गटातून उचललेले. एका गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटातून कर्ज. तरुण पोरांचे मोबाईलवरच्या ॲपचे कर्ज. पैसे थकले की ओळखीच्या सगळ्यांना फोन करून बदनामी करण्याची धमकी येते. अशा वेळी माणसाला पैशापेक्षा अब्रूची भीती जास्त वाटते.

दुसरे, अभ्यासाचे. घरातला पहिला पदवीधर होणारा मुलगा. आईने चार घरची धुणीभांडी करून त्याला शिकवले, सगळी वस्ती त्याच्याकडे बघते आहे. त्याचा पेपर राहिला, तर तो कोणाला सांगेल? कॉलेजात आडनाव विचारून, कोट्यावरून टोमणे मारून त्याला एकटे पाडले जात असेल, तर तेही तो घरी सांगत नाही. आईला वाईट वाटेल म्हणून. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला गेला. मुंबईत डॉ. पायल तडवी 22 मे 2019 ला गेली. या दोन्ही मुलांच्या आयांनी पुढे सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, की उच्च शिक्षणातला जातीचा छळ थांबवा. मनाचे दुखणे फक्त मनातून येत नाही, ते बाहेरूनही घातले जाते, हे या दोन आया आपल्याला सांगत आहेत.

तिसरे, बायांचे. नवऱ्याची दारू, मारहाण, मूल न होणे, लागोपाठ मुली होणे. बाळंतपणानंतर रडू येणे, बाळाकडे बघावेसेही न वाटणे, हे तर कोणी आजार मानतच नाही. "पोर झालंय, हसायचं सोडून रडतेस काय?" असे ऐकून ती गप्प बसते.

आणि चौथे, पुरुषांचे. त्यांना रडायचीच बंदी. "बायकांसारखा रडतोस काय?" हे वाक्य मुलगा चार वर्षांचा असल्यापासून ऐकतो. 1917 साली बडोद्यात जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही, तेव्हा बाबासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले होते, हे आपण दरवर्षी भाषणातून सांगतो. 1926 मध्ये लहानगा राजरत्न गेला, तेव्हा त्यांनी आपले दुःख पत्रातून मित्राला कळवले होते. एवढा मोठा माणूस आपले दुःख मित्राला सांगत होता. मग आपल्या बापाने, भावाने सांगितले तर त्यात कमीपणा कसला?

लोकांची जीभ

एखाद्याने जीव द्यायचा प्रयत्न केला आणि तो वाचला, तर दवाखान्यातून घरी येईपर्यंत गल्लीत निकाल लागलेला असतो. "नाटक केलं." "भित्रा आहे." "पोराबाळांचा विचार नाही केला." मुलगी असेल तर, "काहीतरी भानगड असणार." एवढे सगळे ऐकायचे आहे हे ज्याला माहीत आहे, तो आधी मदत मागायला येईल का? आमच्या मते माणसाला गप्प करणारे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

पटाचारेची गोष्ट आपण विहारात ऐकली आहे. नवरा गेला, दोन्ही मुले गेली, आईवडील आणि भाऊ गेले. तिचे भान सुटले, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणून हाकलत होते, ढेकळे मारत होते. ती बुद्धांकडे आली तेव्हाही लोक म्हणाले, हिला आत येऊ देऊ नका. बुद्ध म्हणाले, येऊ द्या. एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. बुद्धांनी तिला "भगिनी" म्हटले आणि भानावर यायला सांगितले. उपदेश त्यानंतर. पुढे हीच पटाचारा संघातली मोठी थेरी झाली. आपल्या गल्लीत ढेकळे मारणारे किती आणि वस्त्र टाकणारे किती, हे ज्याने त्याने मोजावे.

ओळखायचे कसे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस मन उदास राहणे, झोप आणि भूक बिघडणे, आवडीच्या कामातही रस न वाटणे, सारखा थकवा येणे, ही नैराश्याची लक्षणे आहेत. आपल्याकडे याला "आळस" म्हणतात किंवा "बाहेरचं काही" म्हणून अंगारा लावतात. तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहे.

त्याहून जास्त सावध व्हायचे ते या गोष्टी दिसल्या तर: "मी नसलो तरी तुमचं चालेल", "आता कंटाळा आला जगण्याचा" असे बोलणे, आवडत्या वस्तू वाटून टाकणे, माणसांत येणे बंद करणे, दारू अचानक वाढणे, खूप दिवस अस्वस्थ असलेले माणूस एकाएकी शांत होणे. ज्याने पूर्वी एकदा प्रयत्न केला आहे, त्याला धोका जास्त असतो. "जो बोलतो तो करत नाही" ही समजूत खोटी आहे. बोलणारे माणूस मदत मागत असते.

विचारायचे कसे?

बरेच जण घाबरतात, की आपण विचारले तर उलट त्याच्या डोक्यात येईल. तसे होत नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, माणसाला हलके वाटते. एकटे गाठा, चहा घ्या आणि सरळ विचारा: "तुला जीव नकोसा झालाय का? मरावंसं वाटतं का?" उत्तर "हो" आले तर घाबरू नका, ओरडू नका, शपथा घालू नका. "तुझ्यापेक्षा वाईट दिवस लोकांनी काढलेत" असे म्हणू नका. "बरं झालं सांगितलंस. मी आहे. आपण दोघं मिळून बघू," एवढे पुरे. त्याला एकटे सोडू नका. आणि "कोणाला सांगू नको" असे वचन मागितले तर ते देऊ नका. चारचौघांत बोभाटा करायचा नाही, पण घरातल्या एका विश्वासू माणसाला आणि डॉक्टरांना सांगायलाच हवे.

टोकाची इच्छा ही पुष्कळदा काही तासांची लाट असते. ती लाट ओसरेपर्यंत हाताशी साधन नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेत 1995 पासून अतिविषारी कीटकनाशकांवर एकेक करून बंदी आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास 70 टक्क्यांनी उतरले. आपल्या घरात काय करता येईल? उंदराचे औषध, शेताची फवारणी घरात साठवू नका. जास्तीच्या गोळ्या कुलपात ठेवा किंवा शेजारच्या विश्वासू बाईकडे द्या.

दवाखाना आणि पोलिसांची भीती

कोणी काही प्यायले असेल तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नका. त्याने काही वेळा जास्त नुकसान होते. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. बाटली किंवा पाकीट सोबत घ्या. डॉक्टरांना खरे सांगा. "चुकून पडलं", "जेवणातून झालं" असे सांगितले तर उपचार चुकीच्या दिशेने जातो.

खोटे बोलतात ते पोलीस केसच्या भीतीने. म्हणून हे नीट वाचा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 115 प्रमाणे, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असेच मानले जाते आणि तिला शिक्षा करायची नसते. उलट तिला उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले आहे. जुन्या दंडविधानातले कलम 309 सुद्धा 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तसे राहिलेले नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा ठेवला आहे. दवाखान्यात नोंद होते, पोलीस जबाब घेतात, हे खरे. पण जबाब म्हणजे शिक्षा नव्हे. त्या भीतीने गल्लीतल्या छोट्या दवाखान्यात तास घालवू नका.

वाचल्यानंतरही उपचार संपत नाही. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी मेडिकल कॉलेजात मनोविकार विभागाची ओपीडी असते. "येरवड्याला पाठवतील" ही भीती काढून टाका. नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना भरती करावे लागत नाही. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका, आणि बरे वाटले म्हणून स्वतःहून बंद करू नका. गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाने सांभाळाव्यात. दारू चालू असेल तर उपचार लागू पडत नाही. पंचशीलातले पाचवे शील इथे औषधाच्या चिठ्ठीसारखेच पाळायचे आहे.

ज्या घरातून माणूस गेला

त्या घरी जलदान विधीला गर्दी होते आणि पुण्यानुमोदन झाले की सगळे पांगतात. मागे राहतात ते आई, बायको, मुले, आणि "आपल्याला आधी का नाही कळलं?" हा प्रश्न. त्यांना कारण विचारू नका. आत्महत्येला सहसा एकच कारण नसते, आणि असले तरी ते चहाच्या टपरीवर चघळायचे नसते. मुलांची फी, रेशनचे काम, विधवा बाईचे कागदपत्र यात हात लावा. महिन्याने जा, सहा महिन्यांनी जा. त्या घरातल्या मुलीचे स्थळ "तसल्या घरातली" म्हणून मोडू नका.

विहार समित्यांनी आणि महिला मंडळांनी काय करावे? रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा अर्धा तास मनाच्या आरोग्यावर बोला, आशाताईंना बोलवा. निकालाच्या दिवसांत दोन शिकलेल्या कार्यकर्त्यांनी नापास झालेल्या मुलांच्या घरी जावे. पास झालेल्यांचा सत्कार नंतर करता येतो. कर्जाच्या वसुलीला येणारा माणूस सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करू शकत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो फलकावर लिहा. कॉलेजातल्या मुलांना सांगा, की जातीभेदाची तक्रार घ्यायला कॉलेजात अधिकारी नेमलेला असावा लागतो, तसा विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2012 चा नियम होता, आणि तो अधिकारी कोण हे विचारायचा त्यांना हक्क आहे.

हे नंबर कापून भिंतीला लावा. टेलिमानस 14416: मनाच्या कोणत्याही त्रासासाठी, चोवीस तास, फुकट, मराठीतून. रुग्णवाहिका 108. बायांवरच्या अत्याचारासाठी 181. तातडीच्या मदतीसाठी 112. ॲपवाल्यांनी फसवले असेल तर 1930.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात आज तसे विचार असतील, तर त्यांना आम्ही सांगतो: तुम्ही भित्रे नाही, थकलेले आहात. आज रात्री एकटे राहू नका. 14416 लावा, किंवा उठून शेजारचे दार वाजवा आणि एवढेच म्हणा, "मला बरं वाटत नाही, जरा बस." आणि ज्यांचे दार वाजेल, त्यांनी चहा टाकावा, जीभ आवरावी आणि ऐकून घ्यावे.

जय भीम.