उसावरचा मावा आणि पोरांच्या तोंडचा मावा



२००२ साली उसावर लोकरी मावा आला, तेव्हा आपण पान न् पान उलटून पाहिले. पोरांच्या बाबतीत एवढी नजर ठेवतो का?

पूर्वी मावा मारायला तंबाखूचा अर्क फवारीत. त्यातले निकोटीन किडीच्या मज्जातंतूंवर घाव घालते. तेच निकोटीन टपरीवरच्या माव्यात, मिश्रीत आणि हल्ली ई-सिगारेटीत असते. ही बॅटरीवर चालणारी नळी. आतला द्रव तापतो, त्याची वाफ ओढायची. दिसायला पेनासारखी, वास फळाचा. घरात पत्ता लागत नाही. केंद्राने २०१९ साली कायद्याने तिची विक्री बंद केली, तरी चोरून मिळते. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली. पुड्या कुठे मिळतात ते मी सांगायला नको!

कोवळ्या वयात ही सवय लवकर जडते. म्हणून पोराला ‘जा, पुडी घेऊन ये’ असे धाडू नका. अठराच्या आतल्याला तंबाखू विकणे गुन्हा आहे. शाळेपासून शंभर यार्डांत विकणेही. आजीने नातवंडांसमोर मिश्री लावू नये. (आजीला हे सांगणार कोण, हा प्रश्न आहेच.) कळंबहून वालचंदनगर, इंदापूर, बारामतीला शिकायला जाणाऱ्या मुलांशी रात्री जेवताना चार शब्द बोला.

वस्तू सापडलीच तर मारू नका. मार खाल्लेले पोर लपवायला शिकते. कोणी दिली, किती दिवस झाले, शांतपणे विचारा. सोडताना काही दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही; तेवढे सांभाळून घ्या. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर व्यसन सोडण्यासाठी फुकट सल्ला मिळतो.