हात मांडीवर ठेवून

आमचं घर नाशिक रोडला, जेल रोडवर. जवळच्याच गांधीनगरच्या धावपट्टीवरून उठणारी लष्कराची हेलिकॉप्टरं बघतच मी वाढलो. 2003 साली तिथं लष्करी वैमानिकांचं प्रशिक्षण विद्यालय सुरू झालं, तोवर मीही शिकवायला लागलो होतो; पण मुलकी विमानं, आणि घरापासून बऱ्याच लांबच्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये. आजवर पुष्कळ मुलांना सोलोला, म्हणजे एकट्याने विमान उडवायला, सोडलं. त्यातल्या एकाला सोडायला नको होतं.

मुलगा निफाडकडचा. लेखी पेपर पहिल्याच वेळी पास झालेला. उडवताना मात्र एक खोड जात नव्हती. उतरताना वेग 65 नॉटच्या खाली घसरला की त्याचे हात आखडायचे आणि तो कंट्रोल मागे ओढायचा. वेग कमी असताना नाक वर ओढलं की वेग आणखी पडतो आणि पंख विमान तोलेनासे होतात. हे त्याला तोंडपाठ होतं. हातांत उतरलं नव्हतं.

मी शेजारी बसून बोलत राहायचो. "नाक खाली... थोडा थ्रॉटल... आता धर." दोन बोटं माझ्या कंट्रोलवर असायचीच. लँडिंग छान व्हायचं आणि मी 'समाधानकारक' लिहायचो. विमान आम्ही दोघांनी उतरवलेलं असायचं, नोंद एकट्या त्याच्या नावावर व्हायची. माझी चूक इथंच झाली. सोलोची सही फार नंतरची.

द्राक्षांच्या हंगामात मी सुटीवर घरी होतो. त्याचे वडील रेल्वेने नाशिक रोडला उतरून पत्ता शोधत आले. फीसाठी जमिनीवर कर्ज काढलेलं. चहा होईपर्यंत गप्प बसले आणि मग एवढंच विचारलं, "सर, पोराचं कधी होईल?" खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "होईल, थोडा वेळ लागेल." परत गेल्यावर वरूनही विचारणा सुरू झाली, एवढे तास झाले, अजून सोलो का नाही? आठवड्याभरात मी सही केली.

त्या सकाळी वारा नव्हता. टेकताना विमान उसळलं. अशा वेळी पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जायचं असतं. तो नाक खाली-वर करत राहिला. मी खाली उभा होतो, रेडिओचा हँडसेट माझ्या हातात होता. मी बोलेपर्यंत तिसऱ्या उसळीत पुढचं चाक मोडलं आणि प्रोपेलर धावपट्टीवर घासला. त्याचं मनगट मोडलं, जीव वाचला. अँब्युलन्सची वाट बघताना तो म्हणाला, "सर, मला वाटलं आता तुम्ही बोलाल."

12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. वेग घटल्याचा इशारा मिळाला आणि त्या मुलासारखाच कॅप्टननेही कंट्रोल मागे ओढला. तो आधी अनेक चाचण्यांत नापास झालेला होता, आणि तरी त्याच्या खात्यावर 3000 हून जास्त तास होते. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला 200 तास लागतात. तास विकत मिळतात, हे शिकवणाऱ्याने विसरू नये.

आता सोलोच्या आधी मी विद्यार्थ्याशेजारी तीन सर्किट, म्हणजे उडून फेरी मारून उतरेपर्यंतच्या तीन फेऱ्या, हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून बसतो. जीवावर बेतेल तेव्हाच कंट्रोल घेतो, आणि घेतला तर ते लँडिंग त्याचं धरत नाही. 'समाधानकारक' हा शब्द सोडून दिलाय. वेग किती होता, हात कुठे गेले, मी काय बोललो, तेच लिहितो. शंका आली की दुसऱ्या इन्स्ट्रक्टरला काही न सांगता विद्यार्थ्यासोबत पाठवतो; माझ्या आवाजाची सवय तिथे उपयोगी पडत नाही. आणि पालकांनो, किती तास झाले ते विचारू नका. शेवटचं लँडिंग कुणी केलं, ते विचारा.

मागच्या वर्षी एका मुलीला थांबवावं लागलं. दुसऱ्या इन्स्ट्रक्टरचंही तेच मत पडलं. त्याच संध्याकाळी तिच्या आईला मी स्वतः फोन केला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्यांनी विचारलं, "उरलेल्या तासांचे पैसे परत मिळतील का?" अर्ज कुणाच्या नावे करायचा, सोबत काय जोडायचं, ते मी सांगत गेलो आणि त्या लिहून घेत गेल्या.